कित्येक महिने उभा असलेला ट्रॅक्टर सुरू करताय? या चुका टाळा

उसाची वाहतूक संपली की ट्रॅक्टर शेडमध्ये जातो आणि पुढचा हंगाम तोंडावर आला की त्याची आठवण होते. कुठे भावाभावांतली वाटणी रखडते आणि त्याचे दोन पावसाळे उघड्यावरच निघतात. मग शेजारच्याची बॅटरी आणायची, चावी फिरवायची आणि सेल मारत, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवत राहायचं, हा ठरलेला प्रकार. उभं राहून ट्रॅक्टरचं जेवढं बिघडलेलं नसतं, तेवढं या घाईत बिघडतं.

इंजिन हाताने फिरवून न बघता सेल मारणं

सगळ्यात महागडी चूक हीच. बोनेटवर उभा सायलेन्सर असेल आणि त्याला झाकण नसेल, तर पावसाचं पाणी सरळ खाली उतरतं. बंद इंजिनातल्या एखाद्या सिलिंडरचा एक्झॉस्ट वॉल्व्ह उघडा राहिलेला असतो, तिथून ते पिस्टनच्या डोक्यावर साचतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. अशा वेळी सेल मारला, किंवा त्याहून वाईट म्हणजे टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीने ओढत, गिअर टाकला, की कनेक्टिंग रॉड वाकलाच म्हणून समजा.

म्हणून आधी गिअर न्यूट्रल करा, स्टॉपची दोरी (डिझेल बंद करून इंजिन थांबवणारी) ओढून ठेवा आणि क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवा. कॉम्प्रेशनला जड लागेल, पण दाब धरून ठेवला की ते हळूहळू सुटतं. न सुटता एकाच जागी अडलं तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे सगळे नोझल काढा आणि पुन्हा फिरवा, पाणी असेल तर त्या भोकांतून बाहेर येईल. पाणी नाही आणि तरी इंजिन हलत नसेल, तर पिस्टनच्या रिंगा गंजून धरल्या असण्याची शक्यता जास्त. प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून एक-दोन दिवस जाऊ द्या, मग पुली पुढे-मागे हलवत सोडवा. पान्याला लांब पाइप लावून पैलवानकी करणारे प्रत्येक गावात असतात, त्यांना त्या दिवशी बोलावू नका. नोझल बसवण्याआधी इंजिन फिरवून साचलेलं ऑइल बाहेर काढा आणि खालचा तांब्याचा वॉशर नवा घाला.

ऑइलची काडीही तेव्हाच बघा. ऑइल दुधी दिसलं तर त्यात पाणी आहे. पातळी वाढलेली आणि डिझेलचा वास येत असेल, तर टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा डायफ्राम किंवा नोझलला दाबाने डिझेल देणाऱ्या इंजेक्शन पंपाचं सील गळत असावं. दोन्हींत कारण शोधून ऑइल बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बॅटरीला एकटीलाच दोष देणं

पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२ च्या खाली गेली की ती रिकामीच. पण बॅटरी चांगली असूनही नुसता 'टक' आवाज येत असेल, तर टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर आणि चॅसिसला लागणारी अर्थची केबल आधी घासून घट्ट करा. नवी बॅटरी आणल्यावर दोष या केबलमध्ये सापडतो, असं बरेचदा होतं. ट्रकवरून थेट केबल जोडू नका, तिथे बहुधा २४ व्होल्ट असतात आणि ट्रॅक्टर १२ व्होल्टचा. सेल एका वेळी १०-१५ सेकंदच मारा आणि मध्ये एक-दोन मिनिटं थांबा, नाहीतर स्टार्टर जळतो. सुरुवातीचे एक-दोन सेल स्टॉप ओढूनच मारा, म्हणजे इंजिन पेटण्याआधी बेअरिंगपर्यंत ऑइल पोचतं.

धूर न बघणं

सेल मारताना एक माणूस सायलेन्सरकडे बघत उभा हवा. इंजिन नीट फिरतंय पण धूर अजिबात नाही, म्हणजे डिझेल सिलिंडरपर्यंत जातच नाही. पांढरा धूर येतोय पण पेट घेत नाही, म्हणजे डिझेल जातंय, पण पुरेशी उष्णता होत नाही: सेल मंद फिरतोय, कॉम्प्रेशन कमी आहे किंवा नोझल खराब आहेत. काळा धूर दिसला तर एअर क्लीनर उघडा. आत उंदराचं घर सापडलं तर नवल नाही.

धूरच नसेल तर लोक लगेच इंजेक्शन पंप खोलायला काढतात. आधी स्टॉपची दोरी बघा. ती गंजून ओढलेल्या जागीच अडकते, वरची मूठ आत गेलेली दिसते आणि पंपावरचा लिव्हर मात्र बंदच असतो. हाताने हलवून खात्री करा.

त्यानंतर टाकी. अर्ध्या टाकीत ओल धरते, पाणी तळाला बसतं आणि पाणी-डिझेलच्या सीमेवर जिवाणू वाढून काळा बुळबुळीत गाळ होतो. त्यावर नवं डिझेल ओतलं की तो ढवळून थेट फिल्टरमध्ये जातो. आधी तळाचा प्लग काढून जुनं डिझेल सोडा, फिल्टर बदला, मग टाकी भरा.

आता डिझेलच्या पाइपांत अडकलेली हवा, म्हणजे एअर, काढायची. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू ढिला करून डिझेल लाइनचा हँड पंप मारा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की ते वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग इंजेक्शन पंपावरच्या स्क्रूला तसंच. शेवटी नोझलकडचे पाइपचे नट थोडे ढिले करून सेल मारा आणि डिझेल उसळलं की आवळा. हात लांब ठेवा, त्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जातं. नव्या कॉमन रेल इंजिनवर (यात सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं) मात्र हे पाइप अजिबात सोडवू नका. ५० एचपीवरच्या नव्या ट्रॅक्टरना २०२३ पासून ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे नियम लागू झालेत, त्यात अशी इंजिनं बरीच आहेत.

पेट्रोलचा बोळा

एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरणं किंवा स्प्रे मारणं सर्रास चालतं. पेट वेळेआधी घेतला जातो, रिंगा आणि पिस्टन फुटतात. मॅनिफोल्डमध्ये हीटर असेल तर आगही लागते. वर सांगितलेलं सगळं ठीक असेल तर बोळ्याची गरजच पडत नाही.

सुरू झाल्यावर लगेच रेस करू नका. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही तर इंजिन बंद करा. पाच-दहा मिनिटं चालून ट्रॅक्टर आपोआप बंद पडला, तर पुन्हा एअर काढण्याआधी टाकीचं झाकण ढिलं करून बघा. कुंभारमाशीने झाकणाचं भोक मातीने लिंपलं असेल, तर टाकीत हवा शिरत नाही आणि डिझेल ओढलं जाणं थांबतं.

क्लच दाबूनही गिअर करकरत असेल तर क्लच प्लेट फ्लायव्हीलला (इंजिनमागच्या जड चाकाला) चिकटली आहे. इंजिन गरम होऊ द्या, बंद करा. समोर मोकळं रान बघून वरच्या गिअरमध्ये, क्लच पूर्ण दाबून सुरू करा आणि ट्रॅक्टर चालू लागताच दोन्ही ब्रेक एकत्र दाबा. बहुतेक वेळा प्लेट झटक्यात सुटते. दोन-तीनदा करूनही सुटली नाही तर ट्रॅक्टर फोडावाच, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स वेगळे करावेच लागतात.