जलतरण तलावातला दिवा बदलायचाय? आधी पंप रूम गाठा

पाण्याखालचा दिवा गेला की पहिला प्रश्न येतो, "तलाव रिकामा करावा लागेल का?" सहसा नाही. भिंतीतल्या कोनाड्यात दिव्याच्या मागे वायरीचं वेटोळं ठेवलेलं असतं, त्यामुळे दिवा उचलून थेट काठावर आणता येतो. धोका आहे तो विजेचा, आणि त्याचा बंदोबस्त पाण्याला हात लावण्याआधी करायचा असतो.

सोसायटी किंवा फार्महाऊसच्या तलावात बहुधा १२ व्होल्टचे दिवे असतात. पंप रूममधल्या ट्रान्सफॉर्मरवरची पट्टी वाचा: एका बाजूला २३०, दुसऱ्या बाजूला १२. पट्टी नसेल, वाचता येत नसेल किंवा दिव्यापर्यंत थेट २३० व्होल्ट जात असतील, तर पुढचं काही करू नका. परवानाधारक वायरमनला बोलवा. यात कमीपणा नाही.

आता आरसीसीबीचं, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं, टेस्ट बटण दाबा. तो ३० मिलिअँपिअरचा हवा आणि बटण दाबताच पडायला, म्हणजे बंद व्हायला हवा. पडला नाही, तर दिव्याआधी त्याची दुरुस्ती.

मग वीज तोडा. भिंतीवरचा स्विच बंद करणं पुरेसं नाही. वायरिंग उलटं असेल तर स्विच न्यूट्रल तोडतो आणि फेज पुढे तसाच चालू राहतो. फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा ब्रेकर खाली करा, पंपाचाही करा. पॅनेलला कुलूप लावून किल्ली खिशात ठेवा, कारण "दिवे बंद कसे?" म्हणत कुणीतरी ब्रेकर वर करतोच. यानंतर ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही बाजू मल्टिमीटरने तपासा. मीटर चालतोय ना, हे आधी एखाद्या चालू प्लगवर पाहून घ्या. पेनसारख्या टेस्टरवर विसंबू नका. १२ व्होल्टला तो पेटतच नाही, त्यामुळे तो पेटला नाही म्हणजे वीज नाही असं होत नाही.

आता काठावर पालथं पडून दिव्याभोवतीच्या गोल कडीवरचा वरचा स्क्रू काढा. तो तळाशी गेला तर शोधत बसावं लागतं, म्हणून सांभाळा. दिवा खालच्या खाचेतून सोडवून वर घ्या. वायर अपुरी पडत असेल तर ओढू नका. पाण्याची पातळी दिव्याखाली उतरवा.

जुना उघडणारा दिवा असेल तर कडी सोडवून बल्ब बदला आणि गॅस्केट (पाणी अडवणारं रबर) दर वेळी नवीनच घाला. कुकरच्या रबरासारखंच तेही बसून बसून कडक होतं, आणि चार पैसे वाचवायला गेलं की अख्खा दिवा पाण्याने भरतो. गॅस्केटची खाच कोरडी पुसा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. पूर्ण सीलबंद एलईडी असेल तर दिवा वायरीसकट बदलतो. जोड पाण्याबाहेरच्या जंक्शन बॉक्समध्येच करायचा, कोनाड्यात कधीही नाही.

जुना ३०० वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर २५ अँपिअर ओढत असे, १८ वॅटचा एलईडी जेमतेम दीड. जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर इतक्या कमी भारावर लुकलुकतो. तारेच्या गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर सहसा त्रास देत नाही. एलईडी एसीवर चालतो की डीसीवर, हेही खोक्यावर बघून घ्या.

बसवण्याआधी, वीज बंदच ठेवून, दिवा काही मिनिटं पाण्यात बुडवून धरा. कडीत अडकलेली हवा लगेच निघून जाते. बुडबुडे येतच राहिले तर गॅस्केट नीट बसलेलं नाही. बल्ब पाण्याबाहेर पेटवून बघू नका, पाणीच त्याला थंड ठेवतं.

वायर पुन्हा गुंडाळून दिवा बसवा, स्क्रू घट्ट करा. तलावात कुणी नसताना ब्रेकर वर करा. आरसीसीबी पडला तर पुन्हा पुन्हा वर करून बघू नका. कारण सापडेपर्यंत तलाव बंद ठेवा. पेटलेल्या दिव्याच्या काचेआड दोन-चार दिवसांत धुकं दिसलं, तर ब्रेकर खाली करून दिवा पुन्हा काठावर घ्या.