मरीन टाकीसाठी दहा जणांचे दहा सल्ले: त्यातला आपला कसा ओळखावा

लातूरपासून समुद्र फार लांब. तरी आमच्या हॉलमध्ये 100 लिटर खारं पाणी गेली सहा वर्षं नांदतंय. त्यात क्लाउनफिशची जोडी आहे, एक डॅमसेल मासा आहे, थोड्या गोगलगायी आहेत. मराठवाड्यात हा छंद करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि जवळची दुकानं बहुतेक गोड्या पाण्याच्या माशांची. त्यामुळे अडलं की सल्ला येतो तो मुंबईहून, चेन्नईहून, नाहीतर थेट अमेरिकेतून. एकजण म्हणतो तळाला वाळू हवीच, दुसरा म्हणतो वाळू म्हणजे घाणीचं घर. एकजण दर आठवड्याला पाणी बदलायला सांगतो, दुसरा वर्षभर बदलत नाही आणि टाकीचा फोटोही दाखवतो. नवा माणूस बावचळतो, आज याचं ऐकतो, उद्या त्याचं, आणि मधल्या मध्ये मासे जातात.

इतक्या वर्षांनी माझं मत पक्कं झालंय. अशा वादांत बहुतेक वेळा दोघंही खरंच बोलत असतात, फक्त प्रत्येकजण आपापल्या टाकीबद्दल बोलत असतो. म्हणून त्यातला आपल्या टाकीला लागू पडणारा सल्ला ओळखायला शिकायचं.

आधी सांगणाऱ्याची टाकी विचारा

किती लिटरची, किती दिवसांची, आत काय आहे, पाणी कुठलं आणि गाव कोणतं, एवढं विचारून घ्या. शेवटच्या प्रश्नाचं महत्त्व मला पंख्यामुळे कळलं. मे महिन्यात पाणी 31 अंशांवर गेलं होतं. मुंबईच्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितलं, "पंख्याने काही होत नाही, चिलर (पाणी गार करणारं यंत्र) घ्या." त्यांच्या दमट हवेत ते बरोबरच होतं. पण आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. कूलर ज्या कारणाने लातुरात गारवा देतो आणि मुंबईत देत नाही, त्याच कारणाने पाण्यावर तिरका लावलेला छोटा पंखा इथे काम करतो. माझ्या टाकीचं पाणी त्याने 27 वर आलं. मात्र रोज तीन-चार लिटर पाणी उडायला लागलं, आणि ही गोष्ट मुंबईचा माणूस सांगू शकला नसता. पावसाळ्यात हवा दमट झाली की तोच पंखा निम्मंही काम करत नाही.

मग एकक बघा

कितीतरी भांडणं नुसत्या एककाची असतात. कुणी नायट्रेट (माशांच्या घाणीतून पाण्यात साठत जाणारं) 10 सांगतो, कुणी 44, आणि पाणी दोघांचं सारखंच असू शकतं. काही किट पूर्ण नायट्रेट मोजतात, काही फक्त त्यातला नायट्रोजन. दुसऱ्या प्रकारच्या आकड्याला 4.43 ने गुणलं की पहिला आकडा मिळतो. अल्कलिनिटीचंही, म्हणजे पाण्याच्या आम्ल झेलण्याच्या ताकदीचंही, तसंच. तिची दोन एककं आहेत. 3 मिलीइक्विव्हॅलंट म्हणजे साधारण साडेआठ डीकेएच. अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा असतो, हे विसरून औषधाचं माप लिटरला लावलं तर जवळपास चौपट डोस पडतो. किटच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचा आणि समोरच्यालाही त्याच्या किटचं नाव विचारा.

आपलं यंत्र खरं बोलतंय का?

खारटपणा 35 पीपीटी (हजार भागांत 35 भाग मीठ), म्हणजे 25 अंशाला घनता 1.026 च्या आसपास, हा समुद्राचा आकडा. त्यावरूनही वाद होतात, कारण ज्याच्या त्याच्या हातातलं यंत्र वेगळं. काटा हलणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर मी भरवसा ठेवत नाही. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी तो वर सरकतो. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे डोळ्याला लावून खारटपणा वाचायची नळी, घ्या. काचेवर पाण्याचे दोन थेंब टाका, वरची झडप हलकेच मिटवा, आत बुडबुडा राहिला असेल तर पुसून पुन्हा टाका. अर्धा मिनिट थांबून उजेडाकडे धरा. वर निळं आणि खाली पांढरं दिसेल, त्या दोन रंगांची सीमा जिथे पट्टीला कापते तो तुमचा आकडा. हे यंत्र बरेच जण शुद्ध पाण्यावर शून्याला लावतात आणि निर्धास्त होतात. पण आपल्याला मोजायचंय 35 ला, तेव्हा 35 पीपीटीचं तयार द्रावण आणून त्याच्यावरच ते जुळवा. माझं यंत्र शून्याला अगदी बरोबर होतं आणि 35 ला दोनाने चुकत होतं.

जिथे वादच नाही ते बाजूला काढा

उडालेल्या पाण्याच्या जागी गोडं, शुद्ध पाणीच घालायचं. मीठ उडत नाही. 100 लिटरमधलं 5 लिटर उडालं की 35 चा खारटपणा जवळपास 37 होतो, आणि वरून खारं पाणी घातलं तर चढतच जातो. हे पाणी बोअरचं नको, आपल्या बेसॉल्टमधलं पाणी जड असतं. जारचं पाणीही टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) लावूनच घ्या. आमच्याकडे येणारा जार कधी 60 दाखवतो, कधी 110.

अमोनिया आणि नायट्राइट ही घाणीतून होणारी विषं. टाकीतले जिवाणू ती पचवतात. दोन्ही शून्य झाल्याशिवाय मासा टाकायचा नाही. बाटलीत विकत मिळणारे असे जिवाणू खरे की खोटे या वादात पडूच नका. टाकीत 2 पीपीएमपर्यंत (लिटरला 2 मिलिग्रॅम) अमोनिया घाला आणि 24 तासांनी तपासा. दोन्ही आकडे शून्य आले तर टाकी तयार. नाही आले तर थांबा, यात चार ते सहा आठवडेही जातात.

तिसरी गोष्ट कायद्याची. आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम 1972 च्या अनुसूची 1 मध्ये आहेत. "सगळेच ठेवतात" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. समुद्रातून काढलेला लाइव्ह रॉक (जिवाणूंची वस्ती असलेला खडक) म्हणजेही बहुधा प्रवाळाचा सांगाडाच असतो. सिरॅमिकचे खडक वापरा, जिवाणू त्यावरही बसतात.

"का?" विचारा आणि उत्तर येईपर्यंत हात आवरा

दुसऱ्या वर्षी मी नवी डॅमसेल आणली आणि सरळ टाकीत सोडली. आठवड्याभरात क्लाउनच्या कल्ल्यांजवळ रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. मी चौघांना विचारलं. एक म्हणाला तापमान 32 करा. एक म्हणाला खाण्यात लसणाचा रस द्या. तिसरा म्हणाला काही करू नका, आपोआप जातं. चौथ्याने कॉपरचं, म्हणजे तांब्याचं औषध सांगितलं.

तापमानाचा उपाय गोड्या पाण्यातल्या ठिपक्यांचा. तो परजीवी वेगळा आणि समुद्रातला क्रिप्टोकॅरिऑन वेगळा. लसूणवाल्याची आणि "काही करू नका"वाल्याची गंमत अशी की दोघांनीही ठिपके जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. हा परजीवी माशाच्या अंगावर तीन ते सात दिवसच असतो. मग आपणहून गळतो, वाळूत किंवा खडकावर कोष करून बसतो आणि फुटला की शेकड्याने पुन्हा माशावर येतो. मधल्या दिवसांत मासा स्वच्छ दिसतो, आणि त्या दिवसांत जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळतं.

कॉपर खरंच लागू पडतं. पण मी "का" विचारलं नाही आणि औषध मुख्य टाकीत ओतलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही कोळंब्या आडव्या पडल्या होत्या. पाठीचा कणा नसलेल्या जिवांना कॉपर विषच, आणि खडक-वाळूत मुरलेलं कॉपर नंतरही पाण्यात उतरत राहतं. ते खडक आणि वाळू मला फेकून द्यावी लागली. आजही त्या कोळंब्या आठवल्या की वाईट वाटतं. बरोबर रीत अशी: मासे वेगळ्या टबात काढायचे, औषध तिथेच, आणि मुख्य टाकी 76 दिवस माशांविना चालू ठेवायची. नवा मासाही आधी त्याच टबात काही आठवडे राहतो.

एका वेळी एकच बदल

उरलेले वाद आपल्या टाकीतच सोडवावे लागतात. एक वही ठेवा, एक गोष्ट बदला, तीन आठवडे आकडे लिहा. पाणी बदलण्याचा वाद मी असाच सोडवला. 10 टक्के पाणी बदललं की नायट्रेट 50 चं 45 होतं, म्हणजे "फरकच पडत नाही" म्हणणारा गणिताने फार चुकत नाही. आणि इथे पाण्याची किंमत वेगळी आहे. 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं ते हे शहर. घरचं आरओ एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर टाकतं, तेव्हा 10 लिटर बदलायचं म्हणजे 40 लिटरचा हिशोब. मी खाणं निम्मं केलं, दुसरं काही बदललं नाही, आणि नायट्रेट महिन्याभरात उतरलं. आता पंधरा दिवसांनी 10 लिटर बदलतो, बाहेर पडलेलं पाणी बादलीत धरून फरशीला वापरतो.

सल्ला मागत बसू नये अशी वेळ

लोडशेडिंगमध्ये किंवा उन्हाळ्याच्या रात्री मासे पृष्ठभागाशी येऊन भराभर तोंड हलवू लागले तर आधी हवा द्या. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो, ते तापलं की आणखी कमी. बॅटरीवरचा एअर पंप टाकीशेजारीच ठेवलेला असावा. तो नसेल तर मगाने पाणी उचलून उंचावरून परत टाकीत ओतत राहा. मासे सावरले की अमोनिया तपासा. तो शून्याच्या वर असेल तर तयार ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने चौथाई टाकी बदला, तापमान आणि खारटपणा जुळवूनच. विचारपूस त्यानंतर, आकडे हातात घेऊन.