क्रेऑन नेमका कुठे चुकतो, हे कसं शोधायचं

सोफोक्लिसचं 'अँटिगनी' हे ग्रीक शोकनाटक शिकवताना मी मुलांना आधी पेन्सिल काढायला लावते. क्रेऑन हा राजा; त्याचा हुकूम मोडून अँटिगनी मेलेल्या भावाला माती द्यायला जाते, म्हणून तो तिला गुहेत कोंडतो. त्याला कोण काय सांगतं आणि तो काय उत्तर देतो, तेवढ्यावर खुणा करा. पहारेकरी बोलला, की 'पैसे खाल्लेस'. मुलगा हायमन समजावतो, तर म्हणे बाईचा गुलाम! आंधळा भविष्यवेत्ता टायरेसियससुद्धा त्याच्या लेखी लाचखोरच. नुसतं 'गर्विष्ठ' लिहून मोकळं होऊ नका, त्यावर मी अर्धाच मार्क देते.

मग शेवटाकडे या. कोरस, म्हणजे नाटकातला वृद्ध नागरिकांचा समूह, सांगतो, मुलीला गुहेतून सोडव, मेलेल्याला माती दे. क्रेऑन वळतो खरा, पण आधी प्रेताकडे जातो. गुहेशी पोचेपर्यंत अँटिगनीनं गळफास घेतलेला असतो. इथे दुहेरी रेघ मारा. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'हामार्तिया' (नायकाच्या हातून होणारी चूक) या शब्दाच्या मुळाशी नेम चुकणं आहे, ते समासात लिहून ठेवा.