मोटरसायकलची टायमिंग चेन बदलताय? आधी पत्रा कापा

टायमिंग चेन म्हणजे पिस्टनखालच्या क्रँकवरून वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम फिरवणारी इंजिनातली चेन. ती बदलायची तर पहिलं काम म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाडीचा पत्रा मिळवा. चेन, गॅस्केट, ऑइल हे सगळं नंतर. या पत्र्यातून टेन्शनरची, म्हणजे चेन दाबून ताठ ठेवणाऱ्या भागाची, किल्ली कापायची आहे, आणि ती हातात येईपर्यंत इंजिनाचा एकही बोल्ट सोडायचा नाही. गेल्या वेळी माझ्याकडं मॅग्नेट (क्रँकच्या टोकावरचं चुंबकी चाक) ओढून काढायच्या पुलरपासून फट मोजायच्या फीलर गेजपर्यंत सगळं होतं, ही किल्ली तेवढी नव्हती. टेन्शनरचा बोल्ट बसायचा कान तुटला आणि गाडी बोळात उघडी पडून राहिली.

किल्ली म्हणजे काय ते नीट सांगतो, कारण व्हिडिओत हे दोन सेकंदांत उरकतात. दीडशे सीसीच्या आसपासच्या पुष्कळ गाड्यांत ब्लॉकच्या मागच्या अंगाला दोन बोल्टांवर बसलेला ॲल्युमिनियमचा छोटा टेन्शनर असतो. त्याच्या पाठीवर मधोमध एक बारका बोल्ट असतो. तो काढला की आत खाच असलेला स्क्रू दिसतो. बारीक स्क्रूड्रायव्हरनं तो फिरवला, बहुतेक घड्याळाच्या दिशेनं, की पुढचा दांडा आत सरकतो. स्क्रूड्रायव्हर सोडला की आतल्या स्प्रिंगच्या जोरानं दांडा खटकन बाहेर. हा दांडा आत असतानाच तो अडकवून ठेवायला ही किल्ली लागते. आकार इंग्रजी टी अक्षराचा. खालची अरुंद जीभ स्क्रूच्या खाचेत जाते आणि वरचे दोन पंख टेन्शनरच्या तोंडावरच्या खाचांत अडकतात, मग दांडा जागचा हलत नाही. खाचेची रुंदी मोजायला तेवढा बारका बोल्ट आधी काढायची मुभा आहे, फक्त तेवढाच. त्याचं वॉशर किंवा ओ-रिंग हरवू नका, ऑइल तिथूनच गळतं.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही पत्राकामाच्या दुकानाबाहेर असले तुकडे पायाखाली पडलेले असतात, मागितले तर पैसेही घेत नाहीत. ज्या वसाहतीत गावोगावच्या विहिरींसाठी ऑइल इंजिनं घडली तिथं बोटभर पत्रा मिळाला नाही ही सबब चालणार नाही. डब्याचा पत्रा घेऊ नका, स्प्रिंगच्या पिळानं जीभ मुरगळते. कापल्यावर कानस मारून कडा गुळगुळीत करा आणि टेन्शनर गाडीवर असतानाच एकदा लावून बघा. अडकते का? मग पुढं वाचा.

आता चेनच बदलायची आहे ना, याची खात्री. गार इंजिन सुरू केल्यावर हेडच्या बाजूनं येणारी खडखड, जी थोडा ॲक्सिलरेटर दिला की दबते आणि सोडला की परत येते, ती बहुधा चेनची. पण आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) लावून घ्या आणि ऑइलची पातळी बघा. निम्म्या लोकांचं काम इथंच संपतं आणि हजारभर रुपये वाचतात. टॅपेट बरोबर असूनही आवाज येतोय, वर टेन्शनरचा दांडा जवळजवळ पूर्ण बाहेर आलाय, मग चेन ताणली हे नक्की. हेडचं कव्हर काढून कॅमच्या गिअरवरची चेन बोटानं बाहेर ओढून बघा, दातांवरून ती उचलली जात असेल तर शंकाच नको. 2019 किंवा 2021 च्या पुरात पाण्यात बसलेली गाडी कुणी स्वस्तात घेतली असेल, तर नुसत्या चेनवर भागेल अशी आशा धरू नका. ऑइलात गाळ गेला की चेनच्या पिना, ऑइल पंप, कॅमचे बेअरिंग सगळंच घासलेलं निघतं.

सामान. नुसती चेन आणू नका. चेनसोबत दोन्ही गाईड घ्या, म्हणजे मागचा वाकणारा आणि पुढचा स्थिर. त्यांच्या रबराच्या तोंडावर चेनच्या दोन खोल चऱ्या पडलेल्या असतात, आणि नवी चेन जुन्या चऱ्यांवर चालवली की आवाज तसाच राहतो. इथं एक गोम आहे. मागचा गाईड मॅग्नेटच्या बाजूनं एका बोल्टवर निघतो, पण पुढचा बऱ्याच गाड्यांत हेड उचलल्याशिवाय वर येत नाही. म्हणजे हेड गॅस्केट आलं, हेडचे नट टॉर्कला आवळणं आलं. हे आधी ठरवा. अर्ध्यात ठरवायला गेलात तर गॅस्केटसाठी दुकान शोधत फिराल, आणि नेमकं त्या दिवशी दुकान बंद असतं.

चेन दुकानातच जुन्या नंबराशी ताडून घ्या. पाकिटावर आणि चेनवर प्रकार आणि कड्यांची संख्या असते. दोन कड्यांचा फरक डोळ्यांना कळत नाही, गाडीला कळतो. जोडपिन मारून जोडायची उघडी चेन कुणी दिली तर घेऊ नका. अखंड चेन मॅग्नेट काढला की क्रँकवरून घालता येते, मग इंजिनाच्या पोटात पिना ठोकायचं धाडस कशाला? कॅमच्या गिअरचे दात बघा, टोकं शार्कच्या पंखासारखी एका बाजूला झुकली असतील तर तोही बदला. टेन्शनरचं गॅस्केट, मॅग्नेट कव्हरचं गॅस्केट, हेड कव्हरची रिंग, ऑइल. एवढं बास.

टेन्शनर नवा घ्यायचा का? दांडा अडखळत सरकत असेल, किंवा तुम्ही पुढून अंगठ्यानं दाबल्यावर आत जात असेल, तर नवा घ्या. चांगला टेन्शनर कितीही दाबला तरी मागं सरत नाही, खाचेत फिरवला तरच सरतो. नवा घेतलात तरी किल्ली लागतेच. पाकिटातल्या टेन्शनरला कधी किल्ली लावलेली असते, कधी नसते. त्याच्या भरवशावर राहू नका. किल्ली कापली का?

हत्यारं. टी-पाने, रिंगपाने, फीलर गेज हे असणारच. मॅग्नेट पुलर मात्र गाडीप्रमाणे वेगळा. मॅग्नेटच्या आतल्या आट्यांचा व्यास मोजून घ्या, अंदाजानं आणलेला पुलर दोन आट्यांवर धरतो आणि ते दोन आटेही घेऊन बाहेर येतो. पुलर नसेल तर हातोडीनं मॅग्नेट काढायचा विचारही मनात आणू नका, क्रँक वाकतो. आमच्या बोळात एक टर्नर काका आहेत, ते हातोडी दिसली की लांबूनच ओरडतात, "आरं, मॅग्नेट हाय तो, नारळ न्हाय!" मॅग्नेट धरायला होल्डर किंवा पट्ट्याचा पाना वापरा. सहा मिलिमीटरच्या बोल्टांसाठी टॉर्क रेंच असेल तर सोनं. साधारण दहा ते बारा न्यूटन मीटर, त्याहून जास्त जोर ॲल्युमिनियमचे आटे सोसत नाहीत. हेडच्या आणि मॅग्नेटच्या नटांचे आकडे तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून कागदावर लिहून भिंतीला चिकटवा, तेलकट हातानं मोबाइल चाळत बसू नका. बायंडिंगची तार हातभर. स्वच्छ फडकी, सूत न सुटणारी. पावसाळ्यात करत असाल तर डोक्यावर पत्रा हवा, ताडपत्री नको. ताडपत्रीतून ठिबकलेलं पाणी मी चेनच्या खिडकीत, म्हणजे चेन हेडमधून खाली जाते त्या पोकळीत, पडताना बघितलंय.

आता काम. आदल्या दिवशी गाडी धुऊन घ्या. ऑइल काढा, प्लग काढा. मॅग्नेटचा बोल्ट धरून क्रँक चालायच्या दिशेनंच फिरवा, डाव्या बाजूनं बघताना बहुतेक घड्याळाच्या उलट. मॅग्नेटवरची टीची खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची, कव्हरच्या खुणेशी आणा. शेजारीच एफची खूणही असते, ती ठिणगीची. एफला टी समजणारे खूप. खूण जुळली तरी दोन्ही रॉकर हातानं थोडे हलायला पाहिजेत, हलत नसतील तर पिस्टन वर असला तरी चुकीच्या फेरीत आहे, आणखी एक पूर्ण फेरा द्या. कॅमच्या गिअरवरच्या रेषा हेडच्या कडेशी सरळ आल्या की फोटो काढा, समोरून, तिरका नको. तिरक्या फोटोत एक दात इकडं की तिकडं कळत नाही, आणि गिअरला 32 दात असतील तर एक दात चुकला म्हणजे कॅम सव्वाअकरा अंश आणि क्रँकच्या हिशोबानं साडेबावीस अंश चुकला. गाडी चालू झाली तर दम नसेल, नशीब वाईट असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटायला येईल.

टेन्शनर. दोन बोल्टांना हात लावण्याआधी मधला बारका बोल्ट काढा, दांडा आत घ्या, किल्ली अडकवा, मगच दोन बोल्ट सोडा. या क्रमात बदल नाही. आणि टेन्शनर निघाल्यावर क्रँक फिरवायचा नाही, चेन सैल आहे, दात ओलांडेल.

मग चेनच्या खिडकीत फडकं कोंबा, नंतर कॅमच्या गिअरचे बोल्ट सोडा. बोल्ट खाली पडला की तो थेट क्रँककेसच्या तळाला. चेन तारेनं बांधा. मॅग्नेट कव्हर, मॅग्नेट. सेल्फची गाडी असेल तर मॅग्नेटच्या मागं वन-वे क्लच असतो, सरळ ओढू नका, फिरवत काढा. क्रँकवरची अर्धचंद्राची बारकी चावी लगेच काढून डबीत टाका. मागचा गाईड सोडा, जुनी चेन काढा, क्रँकवरचा छोटा गिअर बघा, नवी चेन ऑइलात भिजवून घाला आणि तिचं वरचं टोक परत तारेनं बांधा. मॅग्नेट परत बसवताना आतून हात फिरवून बघा. तो लोहचुंबक आहे, वॉशर, नट, पत्र्याचा कीस जे हरवलंय असं वाटतं ते तिथंच चिकटलेलं सापडतं, आणि नाही बघितलं तर कॉइलच्या वायरिंगला खातं.

टीची खूण परत जुळवा. पुढच्या बाजूची चेन ताठ ओढून कॅमचा गिअर चढवा, सगळी सैल मागं टेन्शनरकडं राहिली पाहिजे. रेषा हेडच्या कडेशी. फोटोशी ताडा. गिअरचे बोल्ट टॉर्कला.

आता पुन्हा टेन्शनर, आणि इथं घाई करणाऱ्याला मी सांगून थकलोय. किल्ली लावलेला टेन्शनर हातात घ्या, दांडा पूर्ण आत आहे हे डोळ्यांनी बघा. नवं गॅस्केट. बोल्ट हातानं शेवटपर्यंत गेले पाहिजेत आणि टेन्शनर ब्लॉकला चपटा टेकला पाहिजे. मध्ये फट दिसली तर दांडा बाहेर आलाय. थांबा, काढा, परत किल्ली लावा. पाना लावून फट मिटवायची नाही. किल्लीशिवाय एका हातात स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्यात टेन्शनर, आणि बोल्ट लावायला तिसरा हात कुठला? स्क्रूड्रायव्हर निसटतो, दांडा बाहेर येतो, आणि आता बोल्टानंच ओढून बसवू असं वाटतं. बोल्ट ओढतात, चेन मागं ढकलते आणि ॲल्युमिनियमचा कान मधोमध तडकतो. वाचलाच, तर चेन इतकी ताठ बसते की गाईड महिन्याभरात खलास. तुटलेला कान वेल्डिंग करून चालत नाही, तोंड वाकडं होतं आणि दांडा अडकतो.

बोल्ट आवळले, मग किल्ली ओढून काढा. आतून खट असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर स्क्रूड्रायव्हरनं उलट दिशेला किंचित ढोसा, येईल. किल्ली काढायची राहिली तर बारका बोल्ट लागतच नाही, ही तिची आणखी एक सोय.

आता प्लगशिवाय क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा, कॅमचा एकच फेरा होतो. कुठं अडला तर जोर लावू नका, व्हॉल्व्ह टेकतोय, परत खुणा बघा. दोन फेऱ्यांनंतर टी आणि रेषा पुन्हा जुळल्या पाहिजेत.

टॅपेट गार इंजिनावर, आकडा मॅन्युअलमधला. कव्हरं, प्लग, ऑइल. आधी इग्निशन बंद ठेवून पाच-सहा किका, ऑइल वर चढू दे. सुरू केल्यावर पहिल्या काही सेकंदांची खडखड चालेल, त्यानंतर नको. टेन्शनरच्या गॅस्केटला आणि मॅग्नेट कव्हरला बोट लावून गळती बघा. पहिलं ऑइल पाचशे किलोमीटरला बदला, जुन्या गाईडचा चुरा त्यात निघतो.