जमिनीला चिकटवलेलं जुनं व्हिनाइल काढताय? या चुका टाळा

व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचं फ्लोअरिंग, उचकटणं फार अवघड नसतं, खरा त्रास देतो तो खाली कोब्यावर राहिलेला गम, आणि तिथेच लोक घाई करतात, गम कुठला आहे हे न बघताच कुणी थिनर ओततं तर कुणी सरळ ग्राइंडर लावतं.

आधी गमचा रंग बघा. पिवळसर-तपकिरी आणि ताणला तर रबरासारखा लांबणारा असेल तर तो सिंथेटिक रबरवाला. पांढरट असेल तर बहुतेक ॲक्रिलिक, त्यावर गरम पाण्याचं ओलं फडकं थोडा वेळ ठेवलं तरी बऱ्याचदा मऊ पडतो. काळा असेल तर मात्र थांबा. तो बहुतेक डांबराचा असतो, आणि जुन्या बिल्डिंगमध्ये हा काळा गम आणि त्यावरच्या कडक, ठिसूळ, ९ इंची टाइल्स या दोन्हींत ॲस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेलं तर फुप्फुसांना घातक ठरणारे खनिजाचे बारीक तंतू, असू शकतं, जे नुसतं बघून कळत नाही. लॅबमध्ये तुकडा तपासल्याशिवाय ते कोरडं खरवडायचं नाही, घासायचं नाही, झाडायचंही नाही. टाइल्स घट्ट बसलेल्या असतील तर त्यांना हात न लावता वरून नवीन फ्लोअरिंग टाकणं कधीही बरं.

थिनरबद्दल कळकळीने सांगतो, बंद खोलीत वापरू नका. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगतच साचते आणि फ्रिजची नाहीतर स्विचची एक ठिणगी आग लागायला पुरते. शिवाय थिनरने पातळ झालेला गम कोब्यात मुरतो आणि पुढे नवीन फ्लोअरिंगची पकड सोडवतो. थिनर टाकल्यावर हीट गन, म्हणजे गरम हवा फेकणारं यंत्र, तर अजिबातच नको. नुसती हीट गन चालते, पण गम मऊ होईपर्यंतच, कारण व्हिनाइल जळलं की निघणारा धूर विषारी असतो.

ॲसिडनेही हा गम निघत नाही, ते उलट सिमेंटच खातं.

ग्राइंडरचं म्हणाल तर गम गरम होऊन चाकात भरतो आणि जमिनीवर आणखी पसरतो. म्हणून व्हिनाइलचे कटरने ६-८ इंचांचे पट्टे कापून ओढा, मग लांब दांड्याचा स्क्रॅपर जमिनीशी जवळजवळ आडवा धरून खरवडा, आणि पातं बोथट झालं की लगेच बदला, लोक इथे कंजुषी करतात आणि मग जोर लावून कोब्यालाच खड्डे पाडतात. उरलेल्या पातळ थरालाच ग्राइंडर, तोही व्हॅक्यूम जोडून, कारण काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसं कायमची खराब करते. रुमाल बांधून काही होत नाही, एन-९५ मास्क तरी हवाच, आणि तो कामगारांनाही द्या.

शेवटी जमिनीवर पाण्याचे थेंब टाका. मुरले तर ठीक, मोत्यासारखे वर राहिले तर बहुतेक गम अजून आहे. मग दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही बाजूंनी टेप लावून किमान १६ तास ठेवा, नंतर खाली ओल दिसली, विशेषतः तळमजल्यावर, तर ती बंद होईपर्यंत नवीन काही चिकटवू नका.