विरलेल्या टीशर्टवरून नवा शिवला, माझा अनुभव

काखेत आणि गळ्यापाशी पार विरला होता पण फिटिंग इतकं मस्त की टाकवेना, म्हणून उसवला आणि त्यावरूनच पॅटर्न (कापड कापायचा कागदी नमुना) काढला. सगळा उसवायची गरज नाही, जी बाजू कमी ताणली गेलीय तेवढीच उसवा, कारण अर्धा नमुना कापडाच्या घडीवर ठेवून पुढचा-मागचा भाग पूर्ण कापता येतो. तुकडे इस्त्रीने सपाट करताना ओढू नका, नुसतं वरून दाबा, नाहीतर माप वाढतं. कागदावर आखताना उसवलेल्या कडेला माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) आधीच आहे का ते बघा, नसेल तर १ सेंमी सोडा.

नवीन होजिअरी (टीशर्टचं ताणणारं विणीचं कापड) आधी धुवूनच घ्या, कॉटन आटतं! कापड ज्या दिशेने जास्त ताणतं ती दिशा अंगाभोवती आडवी यायला हवी. सुई बॉलपॉइंटच (गोलसर टोकाची) हवी, साध्या सुईने मधले टाके पडतच नाहीत. साध्या मशिनवर बारीक झिगझॅग चालतो, ओढला तरी धागा तुटत नाही.

खरी मेख गळ्यात आहे. रिबची (उभ्या रेघांच्या, खूप ताणणाऱ्या विणीच्या कापडाची) पट्टी गळ्याच्या घेराच्या साधारण ८५ टक्के घेतली, दोन्हीवर चार समान खुणा करून टाचण्या लावल्या आणि शिवताना फक्त पट्टी ताणली, गळा अजिबात नाही. इस्त्री फिरवल्यावर एकदम चपखल बसली, लाट वगैरे काही नाही. खांद्याच्या शिलाईत न ताणणारी पातळ कापडी टेप घातली की तिथे लोंबत नाही.