मुलं लहान आहेत? मग क्वीन्स सोडायची घाई करू नका

दर उन्हाळ्यात आमच्या ओळखीत भारतातून एखादं तरी नवं कुटुंब येतं. दोघांपैकी एकाची नोकरी मॅनहॅटनला, कडेवर दीड-दोन वर्षांचं मूल, आणि चार जणांनी आधीच सांगून ठेवलेलं असतं, "मुलं आहेत ना? मग सरळ एडिसनला घर बघा." एडिसन म्हणजे न्यू जर्सीतलं उपनगर. आम्हालाही हेच सांगितलं होतं. न्यूयॉर्क शहरातल्या क्वीन्स भागात चार वर्षं काढून २००८ साली आम्ही न्यू जर्सीला आलो, अजून इथेच आहोत आणि इथे सुखात आहोत. तरीही लहान मूल घेऊन येणाऱ्याला मी एडिसनचं नाव पहिलं सांगत नाही.

शाळांची रेटिंगं बघायच्या आधी एक बघा. दिवसभर मुलाजवळ कोण असणार, आणि त्या माणसाला गाडी चालवता येते का? बहुतेक घरांत ती आई असते, एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसामुळे मिळणाऱ्या व्हिसावर आलेली, पुण्यात स्कूटर चालवणारी, पण इथलं लायसन्स नसलेली. घरातली एकुलती एक गाडी सकाळी सात वाजता स्टेशनच्या पार्किंगला जाऊन उभी राहते. मग उरतं अपार्टमेंट, मूल आणि खिडकी.

मागच्या जानेवारीत अशाच एका नव्या मुलीचा फोन आला, "ताई, दूध संपलंय." तिच्या खिडकीतून किराणा दुकानाची पाटी दिसत होती. पण मध्ये रूट वन. सहा पदरी रस्ता, फुटपाथ नाही, कडेला ढकलून ठेवलेल्या बर्फाचा ढीग. ती स्ट्रोलर घेऊन निघाली, शंभर पावलांवर चाक बर्फात रुतलं, आणि परत फिरली. मी पोचले तेव्हा बाळ झोपलं होतं आणि ती ओले बूट पायात तसेच ठेवून स्वयंपाकघरात जमिनीवर बसली होती. त्या संध्याकाळी ती नवऱ्याला म्हणाली, मला परत जायचंय. ही मुलगी कमकुवत नव्हती. तिला चुकीच्या जागी आणून ठेवलं होतं.

आम्ही क्वीन्समधल्या एल्महर्स्टला राहायचो, एका बेडरूममध्ये. जागा लहान, जिने जुने, रात्रभर वरून ट्रेनचा आवाज. पण मुलाला घेऊन मी दिवसातून दोनदा बाहेर पडायची. दूध कोपऱ्यावर, डॉक्टर चार गल्ल्या पुढे, चौऱ्याहत्तराव्या रस्त्यावर कढीपत्ता. लायब्ररीत लहान मुलांच्या गोष्टींचा तास फुकट. बागेत एक बांगलादेशी आजी रोज यायच्या. माझं बंगाली शून्य, त्यांचं मराठी शून्य, तरी मुलाला झोका कसा द्यायचा आणि तापात काय खायला घालायचं हे मी त्यांच्याकडून शिकले. सबवेत चव्वेचाळीस इंचांपर्यंतच्या मुलाला तिकीट नाही. रविवारी क्वीन्समधल्याच फ्लशिंगच्या गणपतीच्या देवळात जायचं, दर्शन घ्यायचं आणि तळघरातल्या कँटीनमध्ये डोसा खायचा. एवढ्यावर माझी पहिली दोन वर्षं तरली.

आता तर शहरात आणखी सोय आहे. न्यूयॉर्कमध्ये चार वर्षांच्या मुलांसाठी फुकट प्री-के, म्हणजे सरकारी बालवाडी, २०१४ पासून सर्वांना खुलं आहे, तीन वर्षांच्यांसाठी थ्री-के २०१७ पासून सुरू झालं. अर्ज आदल्या हिवाळ्यातच भरायचा असतो, सप्टेंबरात जाग येऊन उपयोग नाही. हडसन नदीच्या पलीकडे, न्यू जर्सीतच राहायचं असेल तर जर्सी सिटी किंवा होबोकेन बघा. न्यू जर्सीच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९८ च्या निकालामुळे तिथे तीन आणि चार वर्षांच्या मुलांना पूर्ण दिवसाची सरकारी बालवाडी फुकट मिळते, आणि जर्सी सिटीतल्या जर्नल स्क्वेअरवरून मॅनहॅटनची पाथ ट्रेन पकडली की गाडी लागत नाही. आपले लोक "तिथल्या शाळा चांगल्या नाहीत" म्हणून नाक मुरडतात. अहो, मूल तीन वर्षांचं आहे, हायस्कूलची चिंता आज कशाला?

शहरातल्या जुन्या इमारतीत राहणार असाल तर जानेवारीत घरमालकाकडून एक फॉर्म येतो, तो फेकू नका. घरात लहान मूल आहे का, हे त्यात विचारलेलं असतं. दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल असेल तर खिडक्यांना गार्ड बसवून देणं घरमालकावर बंधनकारक आहे. १९६० च्या आधीच्या इमारतींत शिशाचा रंग असू शकतो. एक आणि दोन वर्षांच्या वयात मुलाच्या रक्तातलं शिसं तपासतात, ती तपासणी चुकवू नका. आणि आजीने पाठवलेलं काजळ बाळाच्या डोळ्यांत घालू नका. काजळात, सुरम्यात आणि परदेशातून बॅगेत आणलेल्या सुट्या मसाल्यांत शिसं सापडल्याचं न्यूयॉर्कचा आरोग्य विभाग कित्येक वर्षं सांगत आलाय. आजीला वाईट वाटलं तरी चालेल.

घरमालकाने हीटिंग द्यायचं १ ऑक्टोबर ते ३१ मे. मिळत नसेल तर ३११, शहराचा तक्रारीचा नंबर.

आता आमची चूक. हा भाग दोनदा वाचा.

मुलगा पाच वर्षांचा होणार म्हणून आम्ही जर्सीत घर बघितलं. एका गावाची शाळा आम्ही ठरवून ठेवली होती, कारण तिथे किंडरगार्टन (पहिलीच्या आधीचं वर्ष) पूर्ण दिवसाचं होतं आणि मला नोकरी धरायची होती. एजंटने दाखवलेल्या अपार्टमेंटच्या पत्त्यात त्याच गावाचं नाव होतं, झिप कोडही तोच. आम्ही वर्षाच्या लीजवर सही केली. ऑगस्टमध्ये कागदपत्रं घेऊन शाळेच्या कचेरीत गेले. तिथल्या बाईंनी पत्ता बघितला, ड्रॉवरमधून नकाशा काढला, एका रेघेवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमचं घर रेघेच्या या बाजूला आहे." पोस्ट ऑफिस त्या गावाचं, पण टाऊनशिप, म्हणजे कारभाराची हद्द, दुसरी आणि शाळाही दुसरी. तिथलं किंडरगार्टन अडीच तासांचं. हातातली नोकरी गेली. लीज मोडायला दोन महिन्यांचं भाडं भरलं, डिपॉझिट वेगळं बुडालं. आणि मुलाची नोव्हेंबरमध्ये पुन्हा शाळा बदलली. तो कितीतरी दिवस शाळेच्या दारात माझी ओढणी सोडत नव्हता.

न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी मंडळं, आहेत आणि त्यांच्या हद्दी पोस्टाच्या हद्दींशी जुळत नाहीत. पत्त्यात प्रिन्स्टन लिहिलेली घरं वेस्ट विंडसर, प्लेन्सबरो, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स अशा वेगवेगळ्या टाऊनशिपमध्ये आहेत. प्रिन्स्टन जंक्शन स्टेशन तर वेस्ट विंडसरमध्ये आहे. तेव्हा एजंटवर, वेबसाइटवर, आणि "आम्ही तिथेच राहतो" म्हणणाऱ्या मित्रावरही विसंबू नका. घराचा नंबर आणि रस्त्याचं नाव घेऊन डिस्ट्रिक्टच्या कचेरीत फोन करा आणि विचारा: या पत्त्याचं मूल कुठल्या शाळेत जाईल, किंडरगार्टन किती तासांचं आहे, बस मिळेल का. उत्तर ईमेलवर घ्या. मगच लीजवर सही.

बसचं म्हणाल तर, आठवीपर्यंत शाळा दोन मैलांहून लांब असेल तरच डिस्ट्रिक्टला बस द्यावी लागते. पावणेदोन मैल असेल तर ने-आण तुमच्याकडेच येऊ शकते.

येताना भारतातलं लसीकरणाचं कार्ड मूळ प्रत घेऊन या. बीसीजी घेतलेल्या मुलाची टीबीची त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून रक्ताची चाचणी करून मागा. ज्याच्याजवळ दिवसभर मूल असणार त्याने लायसन्सची तयारी पहिल्या आठवड्यात सुरू करावी, दुसरी गाडी परवडेल तेव्हा नव्हे.

सबर्बात यायचंच नाही, असं मी म्हणत नाही. मूल शाळेत जायला लागलं, दोघांना गाडी चालवता यायला लागली, की या. अंगण आहे, शांतता आहे, न्यूयॉर्क शहराचा वेगळा इन्कम टॅक्स वाचतो. पण इथल्या प्रॉपर्टी टॅक्सचा आकडा आधी विचारा. तो अख्ख्या देशात सर्वांत जास्त आहे आणि त्यातला मोठा वाटा शाळांना जातो.

इथे आल्यावर आपल्याच लोकांपासून मुलांना थोडं जपावं लागतं, हे मी मनापासून सांगते. सोमवारी गणित, मंगळवारी बुद्धिबळ, बुधवारी स्पेलिंग बी, शनिवारी पुन्हा गणित. वेस्ट विंडसर-प्लेन्सबरो डिस्ट्रिक्टच्या अधीक्षकांनी २०१५ साली मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं, हायस्कूलच्या सहामाही-वार्षिक परीक्षाही बंद झाल्या. तेव्हा सर्वांत मोठा विरोध आपल्यासारख्या आशियाई पालकांतूनच झाला. त्या मुलांचे चेहरे मी कारपूलमध्ये बघितलेत. मागच्या सीटवर जेवणारी, गाडीतच कपडे बदलणारी मुलं. शहरात राहणाऱ्या माझ्या मैत्रिणीची मुलगी बाराव्या वर्षी एकटी सबवेने चित्रकलेच्या क्लासला जायची. माझा मुलगा सोळाव्या वर्षीही मित्राकडे जायचं तर "आई, सोडतेस का?" म्हणून दारात उभा. इथे सतरा वर्षांशिवाय त्याला एकट्याने गाडी चालवता येत नव्हती आणि बस कुठेच जात नव्हती.

मराठी शाळेचं मात्र आत्ताच ठरवा, शहरात असा की सबर्बात. बृहन्महाराष्ट्र मंडळ ही इथल्या मराठी मंडळांची संघटना, तिच्या शाळांना ठरलेला अभ्यासक्रम आहे आणि जर्सीत मराठी विश्व या मंडळाची शाळा आहे. माझा मोठा पाचव्या वर्षी गेला, तो आज आजीशी फोनवर तासभर बोलतो. धाकटीला "पुढच्या वर्षी घालू" म्हणत नऊ वर्षांची होईपर्यंत ठेवलं. तिला मराठी समजतं, पण आजीने काही विचारलं की ती माझ्याकडे बघते.